मावेजा, भरपाई आणि उतारूचे दुखणे

हदगाव तालुक्यात ‘मावेजा’ हा शब्द कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. इसापूर धरणाच्या कालव्यात ज्यांचे रान गेले, महामार्गाच्या रुंदीकरणात ज्यांची बांधाकडची पट्टी गेली, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गासाठी ज्यांच्या शेतात मोजणीच्या खुणा पडल्या, त्या घरांतल्या शाळकरी पोरालाही तो ठाऊक असतो. मावेजा मंजूर होतो, मावेजा अडकतो, वाढीव मावेज्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. पुण्या-साताऱ्याकडे याच पैशाला ‘मोबदला’ म्हणतात. आमच्याकडे निजामाच्या राज्याचा कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चालला. 17 सप्टेंबर 1948 ला राज्य गेले, पण कचेरीतले शब्द शेतकऱ्याच्या तोंडात राहिले.

मावेजा हे ‘मुआवजा’चे मराठी रूप. अरबीत त्याच्या मुळाशी तीन अक्षरे आहेत : ऐन, वाव आणि ज्वाद. याच मुळातून ‘इवज’ निघाला, म्हणजे एका वस्तूच्या जागी दिलेली दुसरी वस्तू. इवज मराठीत आला आणि ‘ऐवज’ झाला. आज ऐवज म्हटले की ‘चोरट्यांनी दोन लाखांचा ऐवज लांबवला’ हे बातमीतले वाक्य आठवते. दागिने, रोकड, किमती चीजवस्तू. पण मूळ अर्थ अजून एका ठिकाणी धडधाकट जिवंत आहे : साखरेऐवजी गूळ, थोरल्याऐवजी धाकटा. ऐवजी म्हणजे जागी. म्हणून मावेजा हा फार प्रामाणिक शब्द आहे. गेलेली वस्तू परत देतो असे तो म्हणत नाही. ती गेली, तिच्याऐवजी हे घ्या, एवढेच म्हणतो.

आखातातल्या कोर्टात आज नुकसानभरपाईला ‘तअवीज’ म्हणतात. तोच ऐन, तोच वाव, तोच ज्वाद. हदगावचा एखादा गवंडी किंवा वाहनचालक दुबईला कामाला गेला आणि तिथे हा शब्द त्याच्या कानावर पडायची वेळ आली, तर तो शब्द त्याच्या गावच्या मावेज्याचा सख्खा भाऊ असेल.

दुबईचे नाव मुद्दाम घेतले, कारण तिथे जायचे ते विमानाने, आणि असे शब्द विमानप्रवासातही गाठतात. 12 जून 2025 ला अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे 171 क्रमांकाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातल्या 242 पैकी एकच जण वाचला. प्रवाशांत आणि कर्मचाऱ्यांत महाराष्ट्रातलीही माणसे होती. पुढचे कित्येक दिवस मराठी वर्तमानपत्रांत अपघात, दुर्घटना, सानुग्रह मदत, भरपाई, दायित्व, मॉन्ट्रियल करार असे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत होते. कुठला शब्द कुठल्या पैशाला लावायचा, याचा घोळ बातम्यांतही होता आणि त्या वाचणाऱ्या घरांतही असणार. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला शब्द तपासायला सवड नसते. म्हणूनच ते आधी तपासून ठेवावेत असे मला मनापासून वाटते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात माणूस जखमी झाला किंवा दगावला तर विमान कंपनीने काय द्यायचे, हे ठरवणारा सगळा कायदा मोजून सात-आठ शब्दांवर उभा आहे, आणि त्या प्रत्येक शब्दावर जगभरची कोर्टे भांडली आहेत.

पहिला शब्द अपघात. संस्कृतात ‘हन्’ म्हणजे मारणे, त्यापासून घात; ‘अप’ लागून अपघात म्हणजे मारून दूर सारणे. मराठीत त्याने भलतीच वाट धरली. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात अपघाताचा अर्थ दिला तो अकाली, अनैसर्गिक मरण असा, आणि त्यातही ठळकपणे आत्महत्या किंवा खून. म्हणजे दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ‘त्याचा अपघात झाला’ असे कुणी म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विहीर किंवा सुरा आला असता. आगगाडी आली, मोटार आली, आणि अपघातातला हेतू गळून गेला. आता हेतू असला की आपण ‘घातपात’ म्हणतो. अपघात की घातपात, हा मथळा प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर छापून येतो. पोलिसांच्या दप्तरात मात्र तिसराच शब्द आहे, ‘अकस्मात मृत्यू’. हा शब्द मला फार हलवतो. कस्मात् म्हणजे कशामुळे. अकस्मात् म्हणजे ज्याला ‘कशामुळे’ नाही असे. पोलीस ज्या मृत्यूची अकस्मात म्हणून नोंद करतात, त्याचेच ‘कशामुळे’ शोधणे हे त्यांचे काम असते.

आता कायदा पाहा. 1929 साली वॉर्सात झालेल्या करारात आणि 1999 साली मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या नव्या करारातही सतराव्या कलमात अट एकच : मृत्यू किंवा शारीरिक इजा ‘अपघाता’ने झालेली हवी. पण अपघात म्हणजे काय, हे दोन्ही करारांनी लिहून ठेवले नाही. ते लिहिले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1985 साली. पॅरिसहून लॉस एंजलिसला जाणाऱ्या एका बाईंना विमान उतरताना डाव्या कानात दडे बसले, वेदना झाल्या आणि त्या कानाने कायमचे ऐकू येईनासे झाले. विमानातली हवेच्या दाबाची यंत्रणा रोजच्यासारखी नीट चालू होती. कोर्ट म्हणाले, हा अपघात नव्हे. अपघात म्हणजे अनपेक्षित किंवा नेहमीपेक्षा वेगळी घटना, आणि ती प्रवाशाच्या बाहेर घडलेली हवी. प्रवाशाच्या देहाने आपल्या परीने दिलेला प्रतिसाद म्हणजे अपघात नाही. ही व्याख्या आज जवळजवळ सगळ्या देशांची न्यायालये वापरतात. विमान पळवणे किंवा बॉम्बस्फोट हेही या व्याख्येत बसतात. कायद्यापुरता घातपातही अपघातच ठरतो.

‘बाहेर’ या एका शब्दावर आमचा ‘आजार’ आठवतो. फारसीत आजार म्हणजे त्रास, छळ, दुसऱ्याने दिलेली पीडा. शिवकाळातल्या पत्रांत रयतेला आजार देऊ नये असे येते, तेव्हा तिथे तापा-खोकल्याची गोष्ट नसते, सैनिकांनी शेतकऱ्याला छळू नये ही ताकीद असते. पुढे हा शब्द बाहेरून आत शिरला. देणारा कुणी उरला नाही आणि आजार देहात आपोआप उपजणारा झाला. विमानाच्या कायद्यात नेमकी हीच सीमा आखलेली आहे. तासन्‌तास आखडून बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते. अशा प्रवाशांचा एक मोठा दावा 2005 साली इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने फेटाळला. कारण विमानात काही वेगळे घडलेच नव्हते. तो आजार, अपघात नव्हे.

पण सीमा नेहमी इतकी सरळ राहत नाही. 1998 च्या जानेवारीत अथेन्सहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दम्याचा त्रास असलेले एक डॉक्टर बसले होते. त्यांची जागा धूम्रपानाच्या भागाजवळ. पत्नीने हवाईसेविकेला तीनदा विनवले, यांना दुसरीकडे बसवा. नकार मिळाला, विमान भरले आहे असे सांगितले गेले. प्रत्यक्षात अकरा जागा रिकाम्या होत्या. ते गृहस्थ विमानातच वारले. दमा आतला, धूर नेहमीचा; मग अपघात कुठला? 2004 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हवाईसेविकेचा तो नकार हाच अपघात. इथे आजार या शब्दाचे जुने आणि नवे दोन्ही अर्थ एका ठिकाणी आले : देहात होता तो आजार, आणि दुसऱ्याने दिला तोही आजार. कायद्याने इतके बारीक ऐकून घेतले याचे मला फार समाधान आहे.

असाच एक साधा खटला युरोपातला. मायोर्काहून व्हिएन्नाला जाताना वडिलांच्या समोरच्या फळीवर ठेवलेला गरम कॉफीचा पेला कलंडला आणि शेजारच्या लहान मुलीला भाजले. कंपनी म्हणाली, यात विमानोड्डाणाचा काही खास धोका नव्हता. असे घरीही होते. 2019 साली युरोपीय न्यायालयाने तो मुद्दा मानला नाही. विमानात घडले, अनपेक्षित घडले, बाहेरून घडले, अपघात.

दुसरा शब्द दुखापत, आणि इथे थोडे थांबायला हवे. मराठीत पाय दुखतो, डोके दुखते. ‘दुखणे’ हे देहाचे. मनाला होते ते ‘दुःख’. एका विसर्गाने आपण देह आणि मन वेगळे केले. तरी दोघांची सरमिसळ थांबत नाही : मन दुखावते, दुखऱ्या जागेवर बोट ठेवले जाते, आणि ‘दुखण्याने अंथरूण धरले’ म्हणताना ते कुठले दुखणे हे कुणी विचारत नाही. मोनियर-विल्यम्सने आपल्या संस्कृत कोशात एक जुनी व्युत्पत्ती नोंदवली आहे. ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातले भोक, ज्यातून आस जातो. ते भोक नीट असले, आस सुरळीत फिरला की ‘सुख’. वाकडे असले की ‘दुःख’. ऋग्वेदात सुख हे विशेषण सहज पळणाऱ्या रथाला लागते. सगळे भाषापंडित ही व्युत्पत्ती मानत नाहीत, दुःखाचा संबंध ‘दुःस्थ’शी जोडणारेही आहेत. पण मानली तर सुख आणि दुःख हे दोन्ही शब्द मुळात प्रवासाचे ठरतात. वाहनात बसलेल्या माणसाला हादरे बसतात की नाही, यावरून आलेले.

1929 चा वॉर्सा करार फक्त फ्रेंच भाषेत लिहिला होता. त्यात शब्द होते ‘लेझिओं कॉर्पोरेल’, म्हणजे देहाची इजा. मे 1983 मध्ये मायामीहून बहामाकडे निघालेल्या विमानाची तिन्ही इंजिने एकामागून एक बंद पडली. विमान समुद्रात उतरवावे लागणार असे प्रवाशांना सांगण्यात आले. विमान खाली खाली जात राहिले. मग वैमानिकांना एक इंजिन पुन्हा सुरू करता आले आणि सगळे सुखरूप मायामीला परतले. कुणाला खरचटलेही नाही. पण ती काही मिनिटे ज्यांनी मरणाची वाट पाहत काढली त्यांनी दावा लावला. 1991 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रेंच शब्दकोश, फ्रेंच कायदेग्रंथ, फ्रेंच निकाल उलगडून पाहिले आणि ठरवले की लेझिओं कॉर्पोरेल म्हणजे देहाची इजा, नुसत्या मनाची नाही. भरपाई नाही. शब्दकोश उघडून न्यायाधीश बसले आहेत आणि त्या पानावर कित्येक माणसांचे मागणे अवलंबून आहे, हे चित्र कोशांवर प्रेम करणाऱ्या कुणालाही अस्वस्थ करील.

2002 साली इंग्लंडमध्ये याहून कठीण प्रसंग आला. क्वालालंपूरहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलीला झोपेत असताना शेजारच्या प्रवाशाने नको तसा स्पर्श केला. तिला खोल नैराश्याचा आजार जडला. जखम नाही, व्रण नाही. भरपाई नाकारली गेली. या निकालाने मला आजही चीड येते. दोष न्यायाधीशांपेक्षा करारातल्या त्या एका विशेषणाचा आहे, हे समजूनही येते. मॉन्ट्रियलला नवा करार लिहिताना मनाच्या इजेचा मुद्दा पुन्हा निघाला होता, तरी शेवटी ‘शारीरिक’ हाच शब्द राहिला. अलीकडे मात्र भिंतीला फट पडली आहे. स्टॅनस्टेड विमानतळावर विमानातून तातडीने बाहेर पडताना एक बाई इंजिनाच्या झोताने लांब फेकल्या गेल्या. पुढे त्या प्रसंगाचे भय त्यांच्या मनातून गेले नाही, उपचार घ्यावे लागले. ऑक्टोबर 2022 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की प्रकृतीवर खरोखर परिणाम झाल्याचे वैद्यकीय पुराव्याने दिसले आणि तो उपचारांशिवाय बरा होण्यासारखा नसला, तर अशी मानसिक इजाही शारीरिक इजेसारखीच धरावी. तो निकाल युरोपापुरता आहे. भारताच्या कायद्यात ‘शारीरिक’ हा शब्द आहे तिथेच आहे.

‘इजा’चीही हीच कहाणी. अरबी ‘ईजा’ म्हणजे कुणाला त्रास देणे, सतावणे, शब्दानेसुद्धा. मराठीत येऊन ती हाता-पायापुरती आकसली.

आता ज्याला इजा होते तो. जुन्या मराठीत आगगाडीत बसणाऱ्याला ‘उतारू’ म्हणत. उतार म्हणजे नदीतली पायी ओलांडण्याजोगी जागा. पैनगंगेच्या काठच्या माणसाला हे सांगायला नको. अलीकडे हदगाव, पलीकडे उमरखेड. एकेकाळी या नदीने निजामाचा मुलूख आणि वऱ्हाड वेगळा केला होता, आणि पलीकडे जायचे तर उतार शोधावा लागे. उतरून जाणारा तो उतारू. हा शब्द विमानाच्या कायद्याला ‘प्रवासी’पेक्षा चपखल बसतो, कारण करारात कंपनीची जबाबदारी विमानाच्या दारात संपत नाही, चढण्याच्या आणि उतरण्याच्या कामात जे घडेल त्यालाही ती लागू आहे. शिडीवरून पाय घसरला तरी प्रश्न याच कायद्याचा असतो.

‘प्रवासी’ मात्र दुसऱ्या एका जागी खोल जातो. वस् म्हणजे राहणे. प्रवास म्हणजे मुळात घर सोडून दूर राहणे. संस्कृतात प्रवासी हा परदेशी राहणारा, नुसता गाडीत बसलेला नव्हे. दावा कुठल्या देशात लावता येतो, हे मॉन्ट्रियल कराराने सांगितले आहे : कंपनीचे मूळ ठिकाण, तिचा मुख्य कारभार, तिकीट जिथल्या कचेरीतून घेतले ती जागा, प्रवासाचे शेवटचे ठिकाण, आणि मृत्यू किंवा इजेच्या बाबतीत प्रवाशाचे मुख्य नि कायमचे राहण्याचे ठिकाण, कंपनीची विमाने तिथे येत-जात असतील आणि तिचा तिथे कारभार असेल तर. हे पाचवे ठिकाण 1999 साली नव्याने आले. म्हणजे कायदा प्र-वाशाला विचारतो, तुझा वास कुठे? दुबईला दहा वर्षे काम करणारा, पण बायको-मुले, शेत, रेशनकार्ड हदगावला असलेला माणूस कुठे राहतो? करार म्हणतो, अपघाताच्या वेळी त्याचे एकमेव पक्के, कायमचे घर जिथे असेल तिथे. नागरिकत्व हा एकटा निकष धरायचा नाही. परतीचे तिकीट असेल तर आणखी सोपे : हैदराबाद-दुबई-हैदराबाद अशा तिकिटाचे शेवटचे ठिकाण हैदराबादच.

याच ओघात एक गोष्ट नांदेडकरांनी लक्षात ठेवण्याजोगी. नांदेडहून विमानाने दुसऱ्या शहरात आणि तिथून परदेशात, असा प्रवास एकच व्यवहार म्हणून एका तिकिटावर ठरवला असेल, तर नांदेडपासूनचा पहिला टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासच धरला जातो. टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी, स्वतंत्र काढली तर देशातल्या टप्प्याला देशांतर्गत प्रवासाचे नियम लागतात, आणि तिथले आकडे फार खालचे आहेत.

कायद्याच्या मराठीत विमान कंपनीला ‘वाहक’ म्हणतात. एसटीने प्रवास करणाऱ्या माणसाला वाहक म्हणजे तिकीट फाडून देणारा मास्तर. चालक आणि वाहक. अर्थ मात्र तोच, वाहून नेणारा. आणि वाहून नेणाऱ्यावर जे येते त्याला मराठीत दोन नावे आहेत. ‘दायित्व’ हे कायद्याच्या पुस्तकातले. दा म्हणजे देणे. दाय म्हणजे द्यायचा वाटा. ‘जबाबदारी’ हे रोजचे. अरबी जवाब, फारसी दार. ज्याच्यापाशी उत्तर आहे तो. एक पैसे देतो, दुसरा उत्तर देतो.

मॉन्ट्रियल करारात हे दोन्ही आहेत, आणि त्यांची मांडणी मला सुंदर वाटते. दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीपर्यंत कंपनीला चूक कुणाची हे बोलायचा हक्कच नाही. प्रवाशाने स्वतःच्या निष्काळजीपणाने इजा ओढवून घेतली असेल तेवढा भाग सोडला तर नुकसान सिद्ध होईल तेवढे द्यायचेच. हे निव्वळ दायित्व. त्या पायरीच्या वरचे मागणे असेल, तर आपल्याकडून हयगय झाली नाही, किंवा जे झाले ते पूर्णपणे तिसऱ्या कुणामुळे झाले, हे कंपनीने सिद्ध करायचे. ही जबाबदारी, अक्षरशः. उत्तर तिच्यापाशी आहे असे धरूनच कायदा चालतो. जुन्या वॉर्सा करारात ठरलेली मर्यादा ओलांडायची तर कंपनीचा अक्षम्य दोष प्रवाशानेच दाखवायचा असे. समुद्राच्या तळाशी गेलेल्या विमानातला दोष विधवेने शोधायचा.

हे मी कल्पनेने म्हणत नाही. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि थोड्याच वेळात वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. 213 जण होते, कुणी वाचले नाही. त्या वेळी भारतात 1972 चा विमानवहन कायदा होता आणि मर्यादा होती अडीच लाख फ्रँक. हे फ्रँक म्हणजे बाजारातले चलन नव्हते, प्रत्येकी 65.5 मिलिग्रॅम, नव्वद टक्के शुद्ध सोने, असा तो मोजण्याचा हिशेबी फ्रँक. 1929 साली मर्यादा सव्वा लाख फ्रँक होती, म्हणजे आठ किलोंहून थोडे जास्त सोने. पण सोने कागदावर राहिले. सरकारांनी जुन्या, गोठवलेल्या दराने त्याचे रुपये-डॉलर केले आणि माणसाची किंमत महागाईत विरघळत गेली. म्हणून ‘सम्राट अशोक’मधल्या मृतांच्या नातलगांनी अमेरिकेत विमान आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले, कारण निर्मात्याला कराराची मर्यादा लागू नव्हती. 1985 साली तिथल्या न्यायाधीशांनी निर्मात्यांवरचे हयगयीचे आरोप फेटाळले.

आता मोजमाप सोन्याचे नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 1969 साली काढलेले हिशेबी एकक वापरतात. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या मिश्र भावावर ते चालते. मराठीत त्याला ‘विशेष आहरण अधिकार’ म्हणतात. हदगावच्या कुठल्याही शिक्षकाला ‘आहरण’ अनोळखी नाही. त्याचे पगारबिल ‘आहरण व संवितरण अधिकाऱ्या’च्या सहीने निघते. हृ म्हणजे नेणे. ‘आ’ लागला की जवळ आणणे, ‘अप’ लागला की पळवणे. आहरण आणि अपहरण यांत अंतर एका उपसर्गाचे. 1999 साली पहिल्या पायरीचा आकडा असे 1,00,000 एकक होता. दर पाच वर्षांनी महागाई बघून तो तपासायचा अशी करारातच सोय आहे. 28 डिसेंबर 2024 पासून तो 1,51,880 झाला. 2025 च्या दराने रुपयांत सुमारे पावणेदोन कोटी.

इथेच एक छोटा शब्द फार लोकांना फसवतो : ‘पर्यंत’. परि आणि अंत. कडेने आखलेली शेवटची रेघ. 1,51,880 पर्यंत, म्हणजे त्या रेघेच्या आत जेवढे नुकसान सिद्ध होईल तेवढे. ती किमान रक्कम नव्हे. 22 मे 2010 ला दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळुरूला धावपट्टी ओलांडून दरीत गेले, 158 माणसे गेली. भारत त्याआधी वर्षभरच, 2009 साली, मॉन्ट्रियल करारात सामील झाला होता. केरळ उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी 2011 साली एक लाख एकक हे प्रत्येकाला किमान मिळालेच पाहिजेत असे धरले. त्याच वर्षी खंडपीठाने ते उलटवले. आकडा मर्यादेचा, हमीचा नव्हे. माझे मन पहिल्या निकालाच्या बाजूने आहे. शब्द दुसऱ्याच्या बाजूने आहेत.

मृताचे नुकसान सिद्ध करायचे म्हणजे तो किती मिळवत होता, आणखी किती वर्षे मिळवला असता, घरच्यांवर किती खर्च करत होता, हे कागदाने दाखवायचे. याच मंगळुरूच्या अपघातातल्या एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये 7 कोटी 64 लाख रुपये, नऊ टक्के व्याजासह, दिले. वाद मुख्यतः एवढाच होता की त्या गृहस्थांच्या पगारात कुठले भत्ते धरायचे. दहा वर्षे गेली. ज्याची मजुरी रोखीने मिळते, पावतीच नसते, त्याच्या घरच्यांनी हे कसे दाखवायचे? आखातात जाणाऱ्याने आपल्या कामाचा करार आणि पगाराच्या चिठ्ठ्यांची एक प्रत गावी घरात ठेवावी, असे मी भेटेल त्याला सांगतो.

सरकार किंवा कंपनी अपघातानंतर लगेच जी रक्कम जाहीर करते तिला ‘सानुग्रह’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. कृपेच्या पैशाला हक्काचा पैसा समजू नये, आणि कृपा झाली म्हणून हक्क संपला असेही समजू नये. कराराखाली हक्काच्या रकमेतूनच काही पैसे आगाऊ देण्याचीही सोय आहे. ती आगाऊ रक्कम पुढच्या भरपाईतून वजा होऊ शकते. पण दिली म्हणून कंपनीने दायित्व कबूल केले असे होत नाही, आणि घेतली म्हणून घेणाऱ्याचे मागणे फिटले असेही होत नाही.

आता भरपाई. आज ती देणाऱ्याची वाटते : कंपनी भरपाई देते, सरकार भरपाई देते. मूळ शब्द घेणाऱ्याचा आहे. भर आणि पाई, भरून पावणे. पावणे म्हणजे पोचणे, मिळणे, त्यातूनच पावती. फारसी ‘रसीद’चाही अर्थ पोचले असाच. एकोणिसाव्या शतकातल्या कोशांत भरपाई म्हणजे पैसे नव्हेत, तर पैसे पुरते मिळाल्याबद्दल घेणाऱ्याने लिहून दिलेला कागद. सावकाराचे देणे फिटले की कुळ त्याच्याकडून भरपाई लिहून घेई. तो कागद पेटीत जपून ठेवी, कारण पुढे कुणी उकरून काढले तर तोच कामी येई. आता काही बाकी नाही, तक्रार नाही, असे त्या कागदावर लिहिलेले असे. आणि रोजच्या बोलण्यात अजूनही नातवंडे मांडीवर बसली की म्हातारी म्हणते, मी भरून पावले.

विमान कंपनीचा वकील पैशाच्या धनादेशासोबत सहीला जो कागद पुढे करतो, तो नेमका हा जुन्या अर्थाचा भरपाईचा कागद असतो : मिळाले ते पूर्ण आणि अंतिम, यापुढे मागणे नाही. भाषा इंग्रजी, अक्षर बारीक. अक्षराच्या आकारावरूनही खटला झाला आहे. 1983 साली पाडण्यात आलेल्या कोरियन विमानातल्या प्रवाशांच्या तिकिटांवर मर्यादेची सूचना ठरलेल्या दहाऐवजी आठ पॉइंटच्या टंकात छापली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली म्हटले, तरीही मर्यादा लागू. तेव्हा बारीक अक्षर कुणाच्या बाजूने असते हे सांगायला नको. आगाऊ रक्कम घेताना पावतीवर ‘आगाऊ, पुढील भरपाईच्या हिशेबात’ असे शब्द असावेत. ‘भरून पावलो’ असा अर्थ निघणारे काहीही, कुठल्याही भाषेत असले तरी, स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावर सही किंवा अंगठा करू नये.

आणि शेवटी मुदत. मावेज्यासारखा हाही अरबीच शब्द. विमान पोचले त्या दिवसापासून, किंवा पोचायला हवे होते त्या दिवसापासून, दोन वर्षे. त्यात दावा लागला नाही तर हक्कच संपतो.